फेस दहा मिनिटं

कुणी म्हणालं, गाडीचं काळं ऑइल चोपड.
कुणी म्हणालं, तंबाखूचं पाणी ओत,
निपाणीत ते काय कमी आहे?
मालव्वानं चुन्याची निवळी सांगितली
आणि वर, असलं कुत्रं दारात ठेवू नये गं, हेही.

तपकीर ऐकत होता,
म्हणजे मागच्या पायानं कान ओरबाडत होता.
रंगावरून नाव पडलेलं. आता रंगच उरला नाही,
कोपरांवर खपल्या, पोटावर
सोललेल्या रताळ्यासारखी कातडी.
रात्रभर न्हाणीच्या पत्र्याला पाठ घासायचा,
पत्रा वाजायचा, गल्ली शिव्या द्यायची,
एक मराठीत, एक कन्नडमध्ये.
त्याला दोन्ही कळायच्या.

एक दिवस मी सूप भिंतीला टेकवलं.
हजार विड्यांची मजुरी बुडवून
मौलाच्या टमटममधून त्याला दवाखान्यात नेलं.
म्हशींच्या खोड्याशेजारी पोतं अंथरून बसलो दोघं.

काट्यावर आधी त्याला घेऊन उभी राहिले,
मग एकटी.
वजाबाकी अकरा किलो.
मी किती, ते कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

हुक्केरीबाईंनी पात्यानं कातडी जराशी खरवडली,
काचेवर पसरली,
बघा म्हणाल्या, डोळा लावा.
आत एक काहीतरी आखूड पाय हलवत होतं,
कोंड्याच्या कणाएवढंही नसेल.
एवढ्याशा जिवानं
एवढा मोठा जीव महिनाभर जागा ठेवलेला.

"ऑइल नाही. तंबाखू तर मुळीच नाही,
चाटलं तर मरेल ते."
गोळी भाकरीत. पोती उकळून उन्हात.
आणि औषधाचा साबण, आठवड्यातून एकदा,
"फेस हत्तु निमिषा तसाच राहू दे.
लगेच धुतलात तर पैसे पाण्यात."

चिठ्ठी घ्यायला हात पुढं केला
तर त्यांनी तो उलटा केला.
बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत लाल.
"हे कुत्र्याचं नाही."
"नाही. हे तंबाखूचं. बावीस वर्षांचं."
त्या थोडा वेळ गप्प. मग चिठ्ठीच्या पाठीवर
एका मलमाचं नाव लिहिलं.
"मी जनावरांची डॉक्टर, हं.
माणसांच्या डॉक्टरलाही दाखवा."

दहा मिनिटं म्हणजे किती?
घरात घड्याळ आहे, ते साडेचारवर थांबलेलं.
दहा मिनिटं म्हणजे माझ्या वीस विड्या,
पान, चिमूट, वळ, दोरा.
वीस विड्या विड्यांशिवाय मोजायच्या,
अंगणात उकिडवं बसून,
थरथरणाऱ्या, पांढऱ्या झालेल्या कुत्र्याला
दोन्ही गुडघ्यांत धरून,
त्यानं फेस चाटू नये म्हणून तोंडावर हात ठेवून.
ओंदु, एरडु, मूरु,
पुढं विसरले की चार, पाच.
त्यानं एकदाच वर बघितलं,
माझ्यावर केस करणार असल्यासारखं.

काहीच करायचं नाही अशी दहा मिनिटं
मला आधी कधी मिळाली होती, आठवेना.
शेपटीच्या मुळाशी एक जागा होती,
तिथं काही झालं नव्हतं.
तिथं हळूच खाजवून दिलं.
मागचा पाय आपोआप हलायला लागला,
आणि मला हसू आलं, फेसासकट.

तिसऱ्या आठवड्यात
रात्री दचकून जागी झाले.
काय वाजलं?
काही वाजलं नव्हतं. पत्रा गप्प होता.
दार उघडलं, तर तपकीर पोत्यावर
नाक शेपटीत खुपसून,
पाठीवर नवी लव, चांदण्यात
दिसली की मला दिसावीशी वाटली.

उभी राहिले.
मग लक्षात आलं, इतका वेळ
माझंच नख माझ्या मनगटावर चाललं होतं.
थांबवलं.
मलमाची नळी फळीवर,
चुन्याच्या डबीमागं.
झाकण अजून उघडलेलं नाही.